कमानदार

'कमानदार' हा शब्द आपण किती सहज वापरतो! कमानदार खिडकी, कमानदार भुवया, वेदीमागची कमानदार भिंत. शब्द फारसीतून आला. 'कमान' म्हणजे मुळात धनुष्य, आणि फारसीत कमानदार म्हणजे ते हाती धरणारा तिरंदाज. मराठीत मात्र शस्त्र गळाले, वाक तेवढा राहिला. (घड्याळाच्या स्प्रिंगलाही जुनी माणसे कमान म्हणत, तिथे ताण शिल्लक आहे.) जुन्या गोव्यात व्हाइसरॉयची कमान पाहिली की शस्त्र पुन्हा आठवते. ती वास्को द गामाच्या पणतूने उभारली, आणि वास्को तिच्या कोनाड्यात अजून उभा आहे.

उत्पत्तीच्या 9व्या अध्यायातले मेघांतले धनुष्य आपण शोभेचे करून टाकले आहे. मुलांच्या पुस्तकांत तर तारू, जिराफ आणि वर सात रंगांचा पट्टा! पण मूळ हिब्रू शब्द 'केशेत', आणि लढाईतल्या धनुष्यालाही तोच शब्द. काही भाष्यकार म्हणतात, देवाने आपले शस्त्र खुंटीला टांगले. वाक वरच्या बाजूला आहे. बाण लावलाच तर तो पृथ्वीकडे येणार नाही, आकाशाकडे जाईल. हा अर्थ आम्हांला फार जवळचा वाटतो.

ऑगस्ट 2019मध्ये बेळगाव जिल्ह्यात पूर आला. त्यानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात नोहाचा पाठ होता. एका मुलीचे घर पडले होते. ती मावशीकडे राहत होती. तिने विचारले, "देवाने वचन दिले होते ना? मग पाणी का आले?"

वर्ग गप्प झाला. अशा वेळी गोड उत्तर देऊ नये असे आमचे मत आहे. आम्ही अध्याय पुन्हा वाचायला लावला. पुराने सर्व प्राणिमात्रांचा नाश पुन्हा होणार नाही, एवढेच वचन तिथे आहे. कुणाच्या ओसरीवर पाणी चढणारच नाही, असे नाही. आणि 16व्या ओवीत धनुष्य पाहून आठवण कोणाला होते? स्वतः देवाला.

ती म्हणाली, "म्हणजे आपण देवाला आठवण करून द्यायची?"

आम्ही म्हटले, हो. स्तोत्रकर्ते दुसरे काय करतात?

पुढच्या रविवारी मुलांनी विनंतीच्या प्रार्थना लिहून आणल्या. तिच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती : प्रभो, आमची स्वयंपाकघराची भिंत लक्षात ठेव.