बर्फ आहे, पण कसला?

आपल्याकडे ‘पाऊस पडतोय’ एवढ्यावर कुणाचं भागत नाही. रिमझिम आहे, सर आहे, झड लागलीये की थेट लोकल बंद पाडणारा आहे, हे कळल्याशिवाय छत्री घ्यायची की सुट्टी, ते ठरत नाही. बर्फाच्या बाबतीत मात्र आपण एकदम हिंदी सिनेमावाले. खाली पांढरं, वर निळं, मध्ये शिफॉनची साडी. झालं, बेस्ट वेदर!

या सिनेमाची पडद्यामागची बाजू मला दावोसने दाखवली. स्वित्झर्लंडमधलं हे गाव आपल्याला टीव्हीवर दिसतं ते जानेवारीत, सुटाबुटातल्या बड्या मंडळींमुळे. बाकी हिवाळाभर ते स्कीवाल्यांचं. प्रोजेक्टसाठी एक हिवाळा झुरिकला होतो, तेव्हा वीकेंडला आमची गँग तिथे पडीक असायची.

पहिला फंडा उंचीचा. गाव १,५६० मीटरवर. तिथून डोंगरातल्या रेल्वेने वर गेलात की वाइसफ्लूयोख हे ठिकाण साधारण २,६६० मीटरवर. दर १०० मीटरला तापमान अर्धा-पाऊण अंशाने उतरतं. म्हणजे गावात शून्य असेल तर वर उणे सहा-सात. एकाच सकाळी खाली पाऊस आणि वर बर्फ, असंही चालतं. कधी कधी मात्र गणित उलटतं. शांत, निरभ्र रात्री थंड, जड हवा उतारांवरून घरंगळत दरीत साचते. मग खाली दात वाजत असतात आणि वर लोक जॅकेट काढून मस्तपैकी उन्हात कॉफी पीत असतात.

दुसरा फंडा मोजमापाचा. ताज्या बर्फात हवाच जास्त. ढोबळमानाने एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक सेंटीमीटर ताजा बर्फ. या हिशेबाने २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस बर्फ होऊन पडला असता, तर थर नऊ मीटरच्या वर गेला असता. तीन मजले गायब! आल्प्समध्ये एका रात्रीत ३०-४० सेंटीमीटर पडला तरी सकाळी स्कीवाल्यांची दिवाळी असते.

पण पडलेला बर्फ पडल्यासारखा राहत नाही. जानेवारीच्या कडाक्यात तो पिठासारखा भुसभुशीत असतो; ती पावडर, जिच्यासाठी लोक पहाटे उठतात. मार्चमध्ये तोच सकाळी काचेसारखा टणक, अकराच्या सुमारास वरून इंचभर मऊ (हाच मुहूर्त गाठायचा!) आणि दुपारी दोनला संपत आलेल्या बर्फाच्या गोळ्यासारखा पचपचीत. ढगाळ दिवशी सावल्याच पडत नाहीत, त्यामुळे खड्डा कुठे आणि उंचवटा कुठे, ते पायाखाली आल्यावरच कळतं. आणि ऑक्टोबरअखेर नवा बर्फ नसेल तर? दावोसवाले आदल्या हिवाळ्याचा बर्फ लाकडाच्या भुशाच्या जाड थराखाली उन्हाळाभर जपून ठेवतात आणि सपाटीवरच्या स्कीसाठी त्याचा ट्रॅक अंथरतात. आपला लादीवाला बघून म्हणाला असता, हे तर आम्ही रोज करतो.

आता खरी गंमत, जी फोटोत येत नाही. उतारावरचा बर्फ थराथरांनी साचतो. निरभ्र रात्री पृष्ठभागावर नाजूक, चमचमणारी स्फटिकं उगवतात. दिसायला सॉलिड सुंदर. त्यांच्यावर नवा बर्फ पडला की तीच स्फटिकं आतली कच्ची वीट होतात. त्यात वारा एका बाजूचा बर्फ उचलून डोंगराच्या आडोशाला रचत असतो. आल्प्समध्ये वाऱ्याला हिमस्खलनांचा गवंडीच म्हणतात. या सगळ्यावर लक्ष ठेवणारी संस्था दावोसमध्येच आहे; वाइसफ्लूयोखच्या परिसरात १९३६ पासून बर्फाचं संशोधन चाललंय. हिवाळ्यात संध्याकाळी पाचला आणि सकाळी आठला हिमस्खलनाचा इशारा निघतो, एक ते पाच अशा पातळ्यांचा.

तो फेब्रुवारीतला शनिवार होता. दोन दिवस बर्फ आणि वारा, आणि त्या सकाळी आकाश असं निळं की बॉसलाही माफ करावं. आखलेल्या वाटेच्या पलीकडे एक उतार होता. पूर्ण कोरा. एकही रेघ नाही. आमच्यातला एकजण म्हणाला, “अरे, असा चान्स परत नाही. दोन मिनिटांचं तर काम आहे.” सगळ्यांचे फोन फोटोसाठी बाहेर आले. ऑफिसातली स्विस मैत्रीण सोबत होती, तिचाही फोन बाहेर आला, पण इशारा वाचायला. “आज तीन आहे,” ती म्हणाली.

पाचपैकी तीन म्हणजे पन्नास-साठ टक्के, आरामात पास, असं आपलं परीक्षेतलं डोकं सांगतं. पण या पातळ्या पायऱ्यांसारख्या सारख्या अंतरावर नसतात, धोका प्रत्येक पातळीला झपाट्याने वाढतो. हिमस्खलनात जाणाऱ्यांपैकी निम्मे याच तीनच्या दिवशी जातात. पाचला कुणी बाहेर पडत नाही. तीनला आकाश निळं असतं. आणि सापडणाऱ्या दहांपैकी नऊ जणांच्या बाबतीत तो थर त्यांनी स्वतः किंवा सोबत्याने मोडलेला असतो. तिने लांबूनच उताराकडे बोट दाखवलं. तिशीच्या वरचा कोन, वाऱ्याने भरलेली बाजू. “मी नाही जात,” एवढंच म्हणाली. आम्हीही नाही गेलो. दुपारी गावात गरमागरम जवाचं सूप प्यायलो.

तो उतार त्या दिवशी घसरला नाही. संध्याकाळी तसाच कोरा होता. “बघ, काही झालं नसतं,” मित्र म्हणाला. बरोबर होता का तो? ते कुणालाच कळणार नाही. आपण गेलो आणि वाचलो, तर डोंगर सांगत नाही की हुशारीने वाचलात की नशिबाने. दोन्ही वेळा फोटो सारखाच येतो. दहा वेळा वाचलेला माणूस अकराव्यांदा जास्त शहाणा नसतो, फक्त जास्त बिनधास्त असतो. हेल्मेटशिवाय बाइक चालवणाऱ्यांना आणि रात्री दोनपर्यंत जागून ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्यांना हा हिशेब ओळखीचा वाटेल.

तेव्हा कधी आल्प्समध्ये गेलात तर निळं आकाश जरूर एन्जॉय करा. फक्त त्याआधी विचारा: काल काय पडलं, वारा कुठून होता आणि आज आकडा किती? आखलेल्या वाटेवरही स्की भन्नाटच होते, आणि सूप कुठे पळून जात नाही.