उसाची काणी

आमच्याकडे उसाला काणी लागली की माणसं आवाज खाली करून बोलतात. हुमणीबद्दल चावडीवर बोलतील, काणीबद्दल नाही. कारण काणीवाल्या रानातलं बेणं कुणी घेत नाही.

शेंड्यातून पोंग्याच्या जागी काळा चाबूक निघतो, हातभर, कधी त्याहून लांब. म्हणूनच तिला चाबूक काणी म्हणतात. आधी त्यावर चंदेरी पातळ पापुद्रा असतो. तो फाटला की आतली काळी पूड वाऱ्यावर उडते. ती पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. आसपासच्या उसाच्या डोळ्यांवर ते बसतात. ऊस वरून धडधाकट दिसतो, पण त्याचीच टिपरी लावली की कोंबाबरोबर रोगही वाढतो. खोडव्यात तर तो जास्तच दिसतो. को ७४० हा जुना वाण याच रोगाला फार बळी पडायचा.

गडी माणूस चाबूक दिसला की उपटतो आणि खांद्यावर टाकून चालू लागतो. म्हणजे सगळ्या रानात पेरणीच झाली. अब्बा आधी चाबकावर अलगद पिशवी चढवायचे, तोंड आवळायचे, मग कापायचे. त्यानंतर बेट मुळासकट खणून बांधाबाहेर जाळायचं. अर्ध्या एकराला आम्हा दोघांचा सबंध दिवस जायचा.

त्याच साली जानेवारीत बांधाशेजारचे तात्या बेणं मागायला आले. आमच्यात बेण्याला नाही म्हणणं म्हणजे पाण्याला नाही म्हणण्यासारखं. शिवाय काणीची बेटं काढून झाली होती, ऊस हिरवागार उभा होता. गप्प राहून दिलं असतं तर तात्यांना वर्षभर कळलं नसतं.

"तात्या, काणी निघाली होती. ह्यातलं एक टिपरूही नेऊ नका," अब्बा म्हणाले. चारचौघांत म्हणाले, हे अम्मीला आवडलं नाही.

ऊस तुटल्यावर त्यांनी खोडवाही ठेवला नाही. खोडव्याला बेणं नाही, लागणीची मजुरी नाही. लहान शेतकऱ्याच्या हाती पैसा राहतो तो तिथंच. सगळी खोडकी काढून उन्हाळी भुईमूग केला. पुढच्या लागणीचं बेणं ५० अंशाच्या गरम पाण्यात दोन तास ठेवलेलं आणलं, तेही रोख पैसे मोजून. आपाच्या कॉलेजची फी त्या वर्षी दोन हप्त्यांत भरली.

तात्यांनी भुईमुगाच्या शेंगा मात्र पोतंभर नेल्या.