शेवाळाचा धनी

मौद्याला समुद्र नाही. आहे ती कन्हान नदी; उन्हाळ्यात पाणी उतरले की तिच्या दगडांवरचे निसरडे शेवाळ उघडे पडते. शेवाळ म्हणजे पाय घसरण्याची जागा, एवढीच त्याविषयी आमची समजूत होती. ती एका बोटभर माशाने मोडली.

आमच्या धर्मग्रामातील एका मुलाने घरी खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडली होती. काचेवर शेवाळ चढू लागले तेव्हा त्याने ब्लेनी जातीचा एक मासा आणला. रूप म्हणाल तर ओबडधोबड: अंगावर खवले नाहीत, रंग मळकट, डोळे बेडकासारखे वर आलेले आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशांना फिरणारे. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, ती याला नसल्यामुळे तो पाण्यात तरंगत राहत नाही. पोटाखालच्या परांवर टेकून दगडावर बसतो, नाहीतर उड्या मारीत जातो. ओठांमागे कंगव्यासारखे असंख्य बारीक दात. त्यांनी तो काच खरवडी व मागे ओठांचे ठसे उमटत. घरभेटीला गेलो की आमची खुर्ची त्याच्यासमोरच असे!

काही महिन्यांत शेवाळ संपले. मुलगा बाजारचे खाद्य टाकी, मासा त्याकडे पाहतही नसे. ‘‘फादर, हा खात का नाही?’’ मुलाने विचारले. प्राणिशास्त्राचा गंध नसताना आम्ही उत्तर दिले, ‘‘भूक लागली की खाईल, बाळा.’’ माशाचे पोट खपाटीला गेले आणि एका सकाळी तो दगडाआड मेलेला आढळला. अन्न तर पाण्यावर तरंगतच होते.

मग आम्ही पुस्तके धुंडाळली, उशिराच म्हणायचे. हा मासा तांबड्या समुद्रापासून सामोआपर्यंतच्या उथळ प्रवाळ खडकांवर राहतो, चौदाएक सेंटिमीटर वाढतो. शेवाळ व त्यात अडकलेला सेंद्रिय गाळ दिवसभर थोडा थोडा खरवडून खाणे हेच त्याचे जगणे. मादी बिळात अंडी चिकटवते आणि राखण नर करतो.

प्रवाळाचे शेवाळाशी नातेही विलक्षण आहे. त्याच्या देहात राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला पोसते. पण बाहेरचे शेवाळ माजले की तेच प्रकाश अडवते आणि प्रवाळाच्या पिलांना खडकावर टेकायला जागा ठेवत नाही. जमैकात शेवाळ खाणारे मासे बेसुमार पकडले गेले, १९८० साली मोठे वादळ झाले, १९८३ साली शेवाळ खाणारे काटेरी समुद्री जीवही रोगाने मेले. १९७७ साली तेथील खडकांचा निम्मा भाग जिवंत प्रवाळाने व्यापलेला होता. १९९३ पर्यंत तो पाच टक्क्यांच्याही खाली आला. आपल्या मालवणजवळही प्रवाळ आहेत, १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. अभयारण्य म्हटले की आपल्याला वाघ आठवतो; दगड खरवडणारा प्राणी कोणाच्या ध्यानी येणार?

मुलाने पुन्हा तसा मासा आणलेला नाही. त्याच्या खिडकीत मात्र समुद्री मीठ मिसळलेल्या पाण्याची एक बादली उन्हात असते आणि तीत चार दगड. परवा आम्ही वाकून पाहिले. दोन दगड हिरवे झाले आहेत. ‘‘अजून दोन व्हायचेत, फादर,’’ तो म्हणाला.