पन्नाशीनंतरचा पंचम

पियानोदुरुस्तीवर पोट भरावं, असं कोडोली हे गाव नव्हे. पन्हाळा तालुक्यातलं, वारणेच्या खोऱ्यातलं हे गाव. आजूबाजूला ऊस, गावात मिशनचा दवाखाना आणि शेजारी बालवाद्यवृंदामुळे नावाजलेलं वारणानगर. इथल्या भजनात वाजते ती पेटी. पण पन्नाशी ओलांडल्यावर एखाद्यानं वाद्यं लावायचं, दुरुस्त करायचं काम शिकायचं मनात आणलं, की पेटी असो वा पियानो, लोक आधी एकच विचारतात : या वयात कान साथ देईल का?

देतो. पियानोच्या ८८ पट्ट्यांतल्या सगळ्यात वरच्या सुराची कंपनं सेकंदाला सुमारे ४,१८६. वयानं ऐकू येणं कमी होतं ते सहसा त्याच्याही वरच्या टोकापासून. शिवाय वाद्य लावणारा नुसता सूर ऐकत नाही, तो दोन तारांमधली लहर ऐकतो. एका सुराची एक तार ४४० वर आणि तिची जोडीदार ४४२ वर असेल, तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो नि ओसरतो. खुंटी केसभर फिरवली की लहर लांबत जाते, मंदावते आणि विरते. हे ऐकायला तीक्ष्ण कानापेक्षा सबुरी जास्त लागते, आणि ती पोरवयात कुठली?

खरी अडचण सवयीची. तंबोऱ्यावर पोसलेल्या कानाला पंचम शुद्धच हवा असतो. पियानोत मात्र बारा सूर समान अंतरावर बसवायचे, म्हणून प्रत्येक पंचम किंचित उतरलेला ठेवावा लागतो. मधल्या पट्टीतल्या एखाद्या पंचमात चार सेकंदांत साधारण तीन लहरी, त्याही मुद्दाम राखलेल्या! लहान पोर हे निमूट मान्य करील. प्रौढ माणूस आधी भांडतो.

या भांडणातून पेटीही सुटली नाही. समान अंतराचे सूर आणि मींड न निघणं, अशा आक्षेपांपायी आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवलं. डॉ. विद्याधर ओक यांनी हेच दुखणं हाती घेतलं. औषधशास्त्रातले एम.डी., औषध कंपन्यांत काम केलेले आणि गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य. त्यांच्या पेटीत सा आणि प अचल, उरलेल्या दहा सुरांना दोन-दोन श्रुती, अशा एकूण २२. श्रुतींच्या या हिशेबाबद्दल जाणकारांत मतभेद आहेत, आणि असावेतही. पण मोजूनमापून पाहण्याची डॉक्टरी खोड पेटीच्या कामी आली, एवढं खरं.

मिरजेत तर अख्ख्या घराण्यानं धंदा बदलला. शिकलगारांचं काम हत्यारांना धार लावण्याचं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलात ते आटलं आणि फरीदसाहेबांसारखे कारागीर तंबोऱ्याकडे वळले. पुढं आडनावच सतारमेकर झालं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी काढताना कारागीर घोडीची पाठ कानशीनं जरा घासतो, तार छेडून बघतो, पुन्हा घासतो. कणभर जास्त गेलं की नाद बसला. पोलाद घासण्यात मुरलेल्या हाताला हा अंदाज कोणी नव्यानं शिकवावा लागला नसेल.

तेव्हा कोडोलीच्या हौशी माणसानं पियानोची वाट पाहत बसू नये. बाजारातून एखादी मोडकी पेटी आणावी, ती उघडावी, सुराची पितळी पट्टी बाहेर काढावी. जीभ टोकाशी घासली तर सूर चढतो, मुळाशी घासली तर उतरतो. घासलेलं पितळ मात्र परत येत नाही. म्हणून हात बसेपर्यंत भजनी मंडळाच्या चांगल्या पेटीला स्क्रू-ड्रायव्हर लावू नका.