फ्रँकफुर्टहून दोन पत्रं

फ्रँकफुर्ट, शुक्रवार

ती. आई-बाबांस, सा. न.

आज रोमरश्टाट वसाहतीत माणसाला राहायला निदान किती जागा लागते याचा हिशेब बघून आले. आई, तुला ऐकायचं ते आधी सांगते: स्वयंपाकघर. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.९. म्हणजे आपल्या न्हाणीघराहून थोडं मोठं! व्हिएन्नाच्या मार्गारेटे श्यूट्टे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईंनी आगगाडीच्या भोजनडब्यातला मुदपाकखाना डोळ्यांसमोर ठेवून १९२६ मध्ये ते आखलं. खिडकीपाशी बसून भाजी चिरायला फिरतं स्टूल. साली सरळ खाली ढकलायला टेबलाला भोक, त्याखाली कचऱ्याचा खण. तांदूळ-साखरेचे ॲल्युमिनियमचे डबे भिंतीत ओळीने बसवलेले. मुठीला धरून डबा ओढला की टोकाने थेट पातेल्यात ओतायचं. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, किडे होऊ नयेत म्हणून. शहराच्या नव्या घरांत अशी सुमारे १० हजार स्वयंपाकघरं बसवली.

सोय आहे, नाही कशी? पण तू पोळ्या लाटताना बाबा गप्पा मारायला येतात, तशी दुसऱ्याने टेकायची जागा कुठेच नाही. मला ते खटकलं.

तुमची,
मनू


फ्रँकफुर्ट, रविवार

ती. बाबांस, सा. न.

काल तुम्ही फोनवर विचारलंत, ‘एवढी घरं बांधायला पैसा कुठून आणला?’ बांधकाम खात्यात जन्म काढलेल्या माणसाचाच प्रश्न! पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईच्या वावटळीत जुन्या घरांवरची कर्जं कवडीमोल झाली आणि मालक फुकटात मोकळे झाले. म्हणून १९२४ पासून त्या घरांवर कर बसवला आणि त्यातून नवी घरं बांधायला पैसा निघाला. १९२५ मध्ये महापौर लुडविग लांडमान यांनी वास्तुकार एर्न्स्ट माय यांच्या हाती शहराचं बांधकाम सोपवलं. माय जन्माने इथलेच, उमेदवारी मात्र इंग्लंडात रेमंड अन्विन या नगररचनाकाराकडे केलेली. पाच वर्षांत सुमारे १२ हजार घरं! भिंतींचे मोठे ठोकळे कारखान्यात ओतून यारीने जागेवर चढवत. तरी भाडी इतकी बसली की ज्यांच्यासाठी हे सगळं, त्या मजुरांतल्या बऱ्याच जणांना ती झेपेनात. तुमच्या खात्याला हे नवं नाही.

मंदी आली, इथली कामं आटली आणि १९३० मध्ये माय साथीदारांना घेऊन सोव्हिएत रशियात गेले. तिथे मॅग्निटोगोर्स्कसारख्या नव्या पोलादनगरांचे आराखडे केले, पण मनासारखं फारसं उभं राहिलं नाही. १९३३ च्या अखेरीस निघायची वेळ आली, तर जर्मनीत हिटलर. मग हा शहरं आखणारा माणूस आफ्रिकेत टांगानिकात शेती करायला गेला! पुढे नैरोबीत पुन्हा वास्तुकार झाले. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन म्हणून नजरकैदेतही ठेवलं. १९५४ मध्ये परतले ते हॅम्बुर्गला आणि १९७० मध्ये तिथेच वारले.

मी पाहिलेली रोमरश्टाट वसाहतही मायचीच. निड्डा नदीच्या बाजूला तिला किल्ल्याच्या बुरुजांसारख्या भिंती आहेत, खाली भाजीचे वाफे. त्या भिंतीवर बसून मी डबा खाल्ला, पण मागे गाड्यांची घरघर थांबेना. नंतरच्या कुणीतरी ऐन वसाहतीच्या मधोमध मोठा रस्ता नेलाय आणि ज्या रेल्वेने मी आले, तीही त्याच रस्त्याच्या मधून धावते. तुमच्या हाताखाली असा कुणी असता तर काय म्हणाला असतात, ते लिहा.

आईला सांगा, आपल्या ओट्याची उंची मोजून कळव. मी इथली घेतलीय.

तुमची,
मनू