तोफगाड्याचा लोखंडी साज

तोफगाड्याच्या लोखंडी साजात चाकांच्या धावा, आस, बाजूच्या फळ्या आवळणारे बोल्ट, तोफ जागेवर धरणाऱ्या पट्ट्या आणि दोर बांधायच्या कड्या येतात. गाडा लाकडाचा, भार तोफेचा. त्या भाराखाली लाकूड उकलू न देणे हे लोखंडाचे काम.

मराठ्यांच्या गाड्यांत हा साज थोडा असे. 1791-92 च्या टिपूवरील मोहिमेत ब्रिटिश फौजेत असलेल्या मेजर डिरोमने मराठी तोफगाड्यांचे वर्णन केले आहे: लोखंड अगदी कमी, भिस्त लाकडाच्या जाडीवर, चाके ठेंगणी आणि मोठमोठे ठोकळे जोडून केलेली. डिरोमला ते गाडे ओबडधोबड वाटले. ज्या राज्याने आंबेगव्हाणला तोफगोळ्यांचा कारखाना काढला आणि ज्याच्या पानसे सरदारांनी दिवे घाटाजवळ मल्हारगड बांधला, त्याला लोखंडकाम अनोळखी नव्हते. तरीही गाड्यांवर लोखंड कमी का, याचा विचार तसा गाडा स्वतः केल्यावर अधिक नेमका करता येतो.

प्रस्तुत लेखकाने पुण्यात, दिवाळीच्या किल्ल्याशेजारी ठेवण्यासाठी, अर्ध्या मापाचा सागवानी गाडा केला. लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधले, तोफ म्हणजे दोन्ही तोंडे बंद केलेली नळी. चाके डिरोमच्या वर्णनाप्रमाणे भरीव: तीन फळ्या जोडून कापलेली, 50 सेंटिमीटर व्यासाची.

सर्वांत अवघड वस्तू धाव, म्हणजे चाकावर चढणारे लोखंडी कडे. पट्टी गोल वाकवून टोके वेल्डिंगने जोडतात; आतल्या बाजूचा टाका घासून सपाट केला नाही, तर तो लाकडात रुततो. कडे चाकाच्या परिघापेक्षा आखूड ठेवतात. 50 सेंटिमीटरच्या चाकाचा परिघ 157 सेंटिमीटर. एवढे कडे सहाशे अंशांनी तापले की सुमारे 13 मिलिमीटरने लांबते. म्हणून 6-7 मिलिमीटर आखूड कडे तापल्यावर सहज चढते आणि निवताना चाक आवळते. तापवण्यासाठी गोवऱ्यांचे रिंगण उत्तम, कारण आच सगळीकडे सारखी लागते. कडे बसताच पाणी ओतावे लागते; क्षणभर उशीर झाला तर लाकडाची कड जळते.

पहिली धाव श्रावणात चढवली होती. ती घट्ट बसली आणि चैत्रात खुळखुळू लागली, पण सगळीकडे नाही. फळ्यांच्या टोकांकडे ती तशीच घट्ट होती. फट पडली होती फळ्यांच्या लांब कडांकडे. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडवे आकसते. त्यामुळे भरीव चाक उन्हाळ्यात लंबगोल होते. आऱ्यांच्या चाकात हा फरक घेरभर वाटला जातो. कडे कापून दुसरी धाव वैशाखात, लाकूड पुरते वाळल्यावर चढवली. पावसाळ्यात लाकूड फुगले, तशी ती अधिकच घट्ट झाली. भरीव चाकाला लोखंडी धाव सहजासहजी साथ देत नाही, हे कारण एकदा हाताने अनुभवले की जुन्या गाडेकारांना अडाणी म्हणवत नाही.

तोफेच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर अर्धगोल पट्ट्या बसतात. पट्टी थंड वाकवली तर हातोडा उचलताच थोडी उलगडते. म्हणून ती लाल करून, तोफेच्या दांड्याहून किंचित जाड सळईवर ठोकून घेतात. तिचे एक टोक बिजागरीसारखे फिरते, दुसऱ्यात खीळ जाते.

बाजूच्या फळ्यांसाठी मानेखाली चौकोन असलेले बोल्ट घेतात, म्हणजे नट आवळताना बोल्ट फिरत नाही. भोक बोल्टपेक्षा एक मिलिमीटर मोठे ठेवून खाली रुंद वॉशर देतात. फळीला हलायला जागा उरली नाही तर ती बोल्टच्या रेषेत चिरते. बाजारच्या बोल्टची गुळगुळीत डोकी तापवून चार-सहा ठोके दिले की घडीव दिसतात.

शेवटी सगळे लोखंड काढून, किंचित धूर येईल इतके तापवून, जवसाचे तेल लावतात. काळसर लेप धरतो आणि पुण्याच्या पावसात गंज लांबतो. धावेला मात्र हे तेल चाकावर चढल्यानंतर, थंडच लावावे लागते.