मदतीची हाक आणि जहाजाचा हप्ता

१९७७ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातून एक काळा खोका बाजारात आला. आत तीन लहान काळी पुस्तकं. खोक्यावर ना रॉकेटचं चित्र, ना ग्रहांचं, ना हातात बंदूक घेतलेल्या नायकाचं. होत्या फक्त चार-दोन ओळी. 'बेओवुल्फ' नावाचं एक व्यापारी जहाज अंतराळातून, जो कुणी ऐकत असेल त्याला, हाक मारत होतं: हल्ला झालाय, मुख्य इंजिन गेलंय, आतली हवा झपाट्याने कमी होतेय. ओळी तिथेच थांबत. बेओवुल्फचं पुढे काय झालं हे खोका उघडूनही कळत नसे, कारण ते ठरवणं खेळणाऱ्यांवर सोडलेलं होतं.

तो खेळ म्हणजे 'ट्रॅव्हलर' हा रोलप्लेइंग गेम. मार्क मिलर यांनी तो रचला आणि 'गेम डिझायनर्स वर्कशॉप' या छोट्या कंपनीने काढला. रोलप्लेइंग गेमला पट लागतोच असं नाही आणि शेवटी कुणी जिंकत नाही. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र होतो आणि एक जण रेफरी, म्हणजे उरलेलं सगळं विश्व. रेफरी प्रसंग उभा करतो आणि विचारतो, "आता काय करणार?" केलेलं साधतं की फसतं ते फासे सांगतात. ट्रॅव्हलरला त्यासाठी सहा बाजूंचे साधे फासे पुरत.

या खेळाची खरी गंमत पात्रं घडवण्यात आहे. पात्र अठराव्या वर्षी नौदलात, लष्करात किंवा व्यापारी जहाजावर भरती होतं आणि चार-चार वर्षांच्या मुदती भरतं. दर मुदतीला फासे टाकायचे: जगलं का, बढती मिळाली का, काय शिकलं. फासे उलटे पडले तर खेळ सुरू होण्याआधीच पात्र मरतं आणि कोरा कागद पुन्हा पुढे ओढावा लागतो. चौतिशीपासून वयाचे फासेही सुरू होतात आणि शरीर कुरकुरायला लागतं. त्यामुळे प्रत्यक्ष खेळाला बसतात ती नोकरी करून, मार खाऊन, बाहेर पडलेली माणसं. नशीब बरं असेल तर निवृत्तीच्या वेळी जहाज मिळतं, आणि जहाजाबरोबर कर्ज. पुस्तकात कर्जाचा हिशेब चोख दिलेला आहे. वीस टक्के रक्कम आधी भरायची, मग दरमहा किमतीचा दोनशे चाळिसावा हिस्सा, असे एकूण ४८० हप्ते. म्हणजे चाळीस वर्षं. चौतिसाव्या वर्षी जहाज घेतलेला कप्तान चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्याचा मालक होणार. मधल्या काळात माल मिळाला पाहिजे, उतारू मिळाले पाहिजेत, इंधन मिळालं पाहिजे. नाहीतर बँक जहाज जप्त करणार.

पडद्यावरच्या अंतराळकथा पुष्कळ आहेत, पण ट्रॅव्हलरच्या टेबलाची चव असलेल्या मोजक्या. 'स्टार ट्रेक'चं जहाज सरकारी आहे, त्याच्या इंधनाचं बिल कुणाला भरावं लागत नाही. ते विश्व भव्य आहे, उदार आहे, पण तिथे महिनाअखेर येत नाही. टेबलाची चव तिथे येते जिथे हप्त्याने वाकलेल्या माणसांच्या कानावर मदतीची हाक पडते आणि कुणीतरी विचारतं, आता काय करणार?

रिडली स्कॉटचा 'एलियन' १९७९चा. लोकांना त्यातला राक्षस आठवतो, पण पहिला अर्धा तास नोकरीवर असलेल्या सात जणांचा आहे. 'नोस्ट्रोमो' ही खनिज शुद्ध करणारा अजस्र कारखाना ओढून नेणारी टग बोट. झोपेतून उठल्यावर पार्कर आणि ब्रेट हे तंत्रज्ञ जेवणाच्या टेबलावर पहिली गोष्ट काढतात ती पैशांची: इतरांइतका वाटा आम्हाला का नाही? मग अनोळखी ग्रहावरून संकेत येतो. जायची इच्छा कुणालाच नाही, पण करारात कलम आहे: संकेताचा शोध घेतला नाही तर सगळा वाटा बुडेल. त्या कलमामुळे ते खाली उतरतात. इतकी भयंकर गोष्ट इतक्या रुक्ष कारणाने सुरू होते, म्हणून ती खरी वाटते.

'काउबॉय बीबॉप' या १९९८च्या जपानी ॲनिमे मालिकेचा पहिलाच भाग पाहावा. 'बीबॉप' हे जुनं मासेमारीचं जहाज. त्यावर राहणारे बक्षिसासाठी गुन्हेगार पकडतात, पण बक्षिसाचे पैसे हातात फारसे उरत नाहीत. त्यांच्यातला जेट ढोबळी मिरची आणि बीफ म्हणून जे जोडीदार स्पाइकपुढे ठेवतो त्यात बीफ नसतंच. पैसेच नाहीत! दोघांच्या या वादातून जहाजाची पूर्ण आर्थिक स्थिती कळते.

आणि मग 'फायरफ्लाय'. २००२ साली फॉक्स वाहिनीने १४ भागांपैकी ११ दाखवून जॉस व्हीडनची ही मालिका बंद केली. 'सेरेनिटी' या मालवाहू जहाजावर नऊ माणसं राहतात. कप्तान मॅल आणि त्याची सोबतीण झोई हे हरलेल्या युद्धातले सैनिक. पाद्री असलेल्या बुकच्या भूतकाळाबद्दल कुणी नीट बोलत नाही. डॉक्टर सायमनने बहिणीसाठी स्वतःचं करिअर उधळून लावलंय. प्रत्येकाच्या मागे चार-चार वर्षांच्या मुदती दिसतात. ही माणसं एकत्र येतात ती स्वयंपाकघरातल्या लांब लाकडी टेबलावर. खुर्च्या एकीसारखी दुसरी नाही, पिवळट भिंतींवर रंगवलेली वेल. पहिल्या भागात बुक भाड्याचा भाग म्हणून एक लहानशी पेटी पुढे करतो. इंजिन सांभाळणारी केली ती उघडते आणि आतली स्ट्रॉबेरी डोळे मिटून खाते. डबाबंद अन्नावर जगणाऱ्या माणसाला एक ताजं फळ काय वाटत असेल, ते तिच्या चेहऱ्यावर वाचता येतं. एवढ्यावर तो प्रवासी जहाजाचा होऊन जातो.

त्याच पहिल्या भागात केली कप्तानाकडे इंजिनासाठी नवी कॉम्प्रेशन कॉइल मागते. ती गेली तर आपण अधांतरी तरंगत राहू, असं बजावते. कप्तान थट्टेवारी नेतो, कारण पैसे नाहीत. पुढे 'आउट ऑफ गॅस' या भागात सायमनच्या वाढदिवसाचा केक टेबलावर असताना इंजिनात स्फोट होतो, झोई जखमी होते, प्राणवायूची यंत्रणा बंद पडते. सगळं त्याच कॉइलच्या एका हातात मावणाऱ्या सुट्या भागापायी. मॅल सगळ्यांना छोट्या यानांतून रवाना करतो, एकटा मागे राहतो आणि मदतीची हाक सोडतो. हाकेला ओ देणारे येतात, हवा असलेला भाग त्यांच्याकडे असतो, आणि ते मॅलच्या पोटात गोळी घालतात. मग रक्त सांडत मॅल तो भाग इंजिनात बसवायला जातो, आणि चालता चालता वाटेत हातातून पडलेला तुकडा वाकून उचलतो. लढाईच्या कुठल्याही दृश्यापेक्षा हे बघताना जीव जास्त कासावीस होतो.

फॉक्सने मालिकेचं एक मोठं नुकसान केलं. पहिला भाग त्यांनी डिसेंबरात, शेवटी शेवटी दाखवला. 'आउट ऑफ गॅस' ऑक्टोबरात होऊन गेला होता. म्हणजे अपघात आधी आणि त्याची सूचना नंतर. रेफरीने महिनाभर आधी सहज टाकलेलं वाक्य खेळाडूंच्या अंगावर उलटतं तेव्हा टेबलावर जी शांतता पसरते, ती त्या वेळच्या प्रेक्षकांच्या वाट्याला आलीच नाही. आज पाहणाऱ्याने मूळ क्रमाने पाहावी. त्या क्रमात 'आउट ऑफ गॅस' आठवा येतो.

या सगळ्यांत एक मालिका मात्र थेट टेबलावरूनच उठून आलेली आहे. टाय फ्रँकने ऑनलाइन व्हिडिओ गेमसाठी एक सूर्यमाला कल्पिली: पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राबणारे बेल्टर. तो प्रकल्प बारगळला. मग तेच विश्व घेऊन तो रोलप्लेइंग गेम चालवू लागला. न्यू मेक्सिकोत त्याच्या टेबलावर डॅनियल एब्रहम हा कादंबरीकार खेळायला बसला आणि त्याने पाहिलं की कादंबरीची निम्मी मेहनत इथे होऊन पडली आहे. दोघांनी जेम्स एस. ए. कोरी या टोपणनावाने लिहिलेली 'लेव्हायथन वेक्स' २०११ साली आली, आणि २०१५ साली 'द एक्स्पान्स' पडद्यावर आली.

तिचीही सुरुवात हाकेनेच होते. शनीच्या कड्यांतला बर्फ वाहून आणणारं 'कॅन्टरबरी' हे जुनाट जहाज. एका जहाजाचा संकटसंदेश येतो. वाट वाकडी केली तर बोनस जाणार, म्हणून कप्तान तो कानाआड करायला सांगतो. जेम्स होल्डनला मात्र झोप लागत नाही, आणि तो गुपचूप संदेशाची अधिकृत नोंद करतो. नोंद झाली की कायद्याने जावंच लागतं. ते जातात. सापळा असतो. होल्डनसह पाच जण छोट्या यानात असतात म्हणून वाचतात, कॅन्टरबरी डोळ्यांदेखत नष्ट होते. मग संतापाच्या भरात होल्डन साऱ्या सूर्यमालेला ऐकू जाईल असा संदेश सोडतो, त्यात मंगळाचं नाव घेतो आणि युद्धाच्या ठिणग्या उडतात. खेळाडू असंच करतात! रेफरीने आखलेल्या वाटेवर ते कधी चालत नाहीत. सदसद्विवेकाला जागतात किंवा चिडतात, आणि विश्वाला त्यांच्यामागून धावावं लागतं.

विश्वाचे नियम मात्र कुणासाठी वाकत नाहीत. मालिकेची सूत्रं सांभाळणारे नरेन शंकर यांनी कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी केली आहे, आणि ते पडद्यावर जाणवतं. सेरेस लघुग्रहावर मिलर नावाचा डिटेक्टिव्ह पेला भरतो तेव्हा मद्याची धार फिरत्या स्थानकामुळे वाकडी पडते. तिथला पक्षी कमी गुरुत्वात सावकाश, अधूनमधून पंख हलवत तरंगतो. जहाज प्रवासाच्या मध्यावर उलटं फिरून इंजिनाच्या जोरावर वेग कमी करतं, आणि आतल्यांना रक्तवाहिन्या फुटू नयेत म्हणून औषधं टोचून घ्यावी लागतात. फासे आणि भौतिकशास्त्र, दोघेही मुलाहिजा ठेवत नाहीत.

वाचलेल्या पाचांत शेड नावाचा वैद्यकीय सहायक आहे. मंगळाच्या युद्धनौकेवर ते कोंडलेले असताना बाहेरून आलेला एक गोळा भिंत भेदून जातो आणि शेडचं डोकं धडावर राहत नाही. आधी सूचना नाही, नंतर निरोपाचं भाषण नाही. रडायलाही वेळ नाही, कारण दोन्ही भिंतींना भोकं पडली आहेत, हवा निघून चाललीय आणि मिळेल ते चिकटवून ती बुजवायची आहेत. या मृत्यूमागची हकिगत लेखकांनीच सांगितली आहे: मूळ खेळात शेड होणारा खेळाडू खेळ सोडून गेला होता. टेबलावर माणूस यायचा थांबला की त्याच्या पात्राचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक रेफरीला कधी ना कधी पडतो.

तो प्रश्न मालिकेला पुन्हा पडला. वाचलेल्या पाचांतलाच वैमानिक ॲलेक्स कमाल मंगळावरच्या मरिनर व्हॅलीचा. तिथे भारतीय, चिनी आणि टेक्सासचे लोक वसले असं कादंबरीत आहे, म्हणून आडनाव कमाल आणि बोलणं टेक्सासच्या हेलाचं. 'रोसिनांटे' या त्यांच्या नव्या जहाजाच्या छोट्याशा भटारखान्यात सगळ्यांसाठी लझान्या करणारा तोच. पाचव्या पर्वानंतर ती भूमिका करणारा अभिनेता राहणार नव्हता. लेखकांनी ॲलेक्सला मारलं ते पहिल्या पर्वापासून सांगत आलेल्या नियमानेच: एका माणसाला वाचवण्यासाठी त्याने जहाज वेगाने फिरवलं आणि त्या जोराने मेंदूत झटका आला. कादंबरीत तो जगतो. पडद्यावर नियम आधीपासून मांडलेला होता म्हणून हा मृत्यू ओढूनताणून आणल्यासारखा वाटत नाही.

सायफाय वाहिनीने २०१८ साली तिसऱ्या पर्वावर मालिका थांबवली तेव्हा चाहत्यांनी ॲमेझॉनच्या स्टुडिओवरून फलक ओढणारं विमान उडवलं. त्याच महिन्यात ॲमेझॉनने ती उचलली आणि २०२२पर्यंत सहा पर्वं पूर्ण झाली. नऊ कादंबऱ्यांपैकी शेवटच्या तीन पडद्यावर यायच्या राहिल्या आहेत. दरम्यान 'ग्रीन रोनिन' या कंपनीने कादंबऱ्यांवरून रोलप्लेइंग गेम काढला आणि ते विश्व परत टेबलावर गेलं. त्यात 'चर्न' नावाचा एक साठा असतो. हा शब्द मालिकेतल्या एमॉसचा: बाल्टिमोरच्या गल्ल्यांत वाढलेला हा माणूस, आजवर चालत आलेले नियम अचानक बदलतात त्या घुसळणीला चर्न म्हणतो. खेळाडूंना यश मिळत जातं, नशीब खर्च होत जातं, तसतसा साठा चढतो. तो ठरावीक आकड्याला पोचला की रेफरी पुन्हा एकदा फासे हातात घेतो.